वाळत घातलेले हातमोजे

आमच्या म्हाताऱ्यांच्या नर्सिंग होममध्ये मी गाडी चालवायचो, जनरेटर चालवायचो आणि गप्पा चालवायचो. पैकी गप्पा कधी बंद पडल्या नाहीत. डहाणूहून तलासरीकडे जाताना चिकूच्या वाडीत हे ठिकाण होतं. चिकू असे लागायचे, की झाडाखाली तोंड उघडून उभं राहिलं तरी जेवण व्हायचं. ज्याला खोटं वाटेल त्यानं खुशाल वाटून घ्यावं.

माझं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे चिंचणीची आजी. जन्मभर बोंबील वाळवून विकलेली बाई. आवाज असा, की तिनं पाणी मागितलं तर गुजरातच्या हद्दीपलीकडे कुणीतरी तांब्या भरायला उठायचं. तिच्या शेजारच्या खाटेवर कोसबाडची आजी. तिचं आयुष्य भाताच्या खाचरात गेलेलं, आणि बोलणं जवळजवळ नाहीच. एकीनं बोलायचं, दुसरीनं ऐकायचं, असा त्या दोघींचा संसार. कोसबाडच्या आजीला लघवीची नळी कायमची लावलेली होती.

२०१७ साली चिंचणीच्या आजीच्या पायाला जखम झाली. साखरेचा आजार जुना, जखम भरेना. मोठ्या हॉस्पिटलातून ती परत आली ती जखमेत एक जंतू घेऊनच. डॉक्टरीणबाईंनी आम्हा सगळ्यांना समोर उभं केलं.

"नेहमीच्या औषधांनी हा मरत नाही. धडधाकट माणसाला सहसा काही करत नाही. पण नळी लावलेल्या, अशक्त माणसाच्या अंगात शिरला तर आपल्या हातात फार थोडं उरतं. आजी वेगळ्या खोलीत राहतील. आत जाताना नवे हातमोजे घालायचे. निघताना ते तिथल्याच डब्यात टाकून हात साबणानं धुवायचे. त्याशिवाय दुसऱ्या कुणाला हात लावायचा नाही."

"आणि मी हिच्याजवळ परत कधी?" आजीनं विचारलं.

"जखम भरू दे आजी, मग तपासून बघू."

तेव्हापासून मी तिच्या दारात उभा राहून गप्पा मारायचो.

"तलासरीजवळ हायवेवर ब्रेक गेले आजी, तर मी पाय बाहेर काढून गाडी थांबवली."

"मेल्या, मग त्या पायातली चप्पल कुठाय?"

"ती थांबली नाही ना. गेली वापीला."

ती हसायची आणि लगेच विचारायची, "ती जेवली का रे?" ती म्हणजे कोसबाडची आजी.

एके दिवशी कोसबाडच्या आजीला थंडी वाजून ताप भरला. लघवी तपासली, तर तोच जंतू. सिस्टर रडायलाच लागली. "बाई, देवाशपथ, बॉक्समधून नवे मोजे घेतल्याशिवाय मी नळीला हात लावत नाही." ती खरंच बोलत होती.

मीच कोसबाडच्या आजीला गाडीतून हॉस्पिटलात नेलं. सबंध रस्त्यात मला एकही गोष्ट सुचली नाही.

दुसऱ्या दिवशी जनरेटरकडे म्हणून मी इमारतीच्या मागे गेलो. चिंचणीच्या आजीच्या खिडकीला आतून सुतळी बांधलेली, आणि तिच्यावर रबरी मोजे लटकत होते. बोटं खाली, ओळीनं, अगदी चिंचणीच्या किनाऱ्यावर बोंबील टांगतात तसे. मला आधी हसू आलं. मग ते मोजे कुठले, ते लक्षात आलं.

आजीला ती नासाडी बघवली नव्हती. एकदाच घालून फेकलेला धड मोजा ती डब्यातून काढायची, साबणानं धुवायची, वाळवायची, वर पावडर मारायची आणि तिच्या खोलीतल्या शेल्फवरच्या नव्या मोज्यांच्या बॉक्समध्ये नीट घडी करून ठेवायची. वॉर्डातले मोजे संपले की सिस्टर त्याच बॉक्समधून मूठभर घेऊन जायची.

मी डॉक्टरीणबाईंना बोलावून ती सुतळी दाखवली. त्या म्हणाल्या, "तो बॉक्स मी खोलीत ठेवायलाच नको होता. त्या खोलीतली वस्तू बाहेर न्यायची नाही, हेही मी सांगितलं नाही."

बॉक्स दाराबाहेर गेला, डब्याला झाकण आलं, सुतळी मी सोडली. चार दिवसांनी हॉस्पिटलातून फोन आला. कोसबाडची आजी गेली. आता चिंचणीच्या आजीला सांगायचं काय? वय झालं होतं, म्हणून गेली, एवढंच सांगायचं असं सगळ्यांनी ठरवलं, आणि ते काम अर्थात माझ्याकडे आलं. असल्या कामात माझा हात धरणारा अख्ख्या पालघर जिल्ह्यात नाही.

मी एप्रन चढवला, मोजे घातले आणि आत जाऊन बसलो. चांगली ऐसपैस गोष्ट रचली. ती झोपेतच गेली, चेहरा किती शांत होता, डॉक्टरसुद्धा कसे थक्क झाले.

तिनं मला मधेच थांबवलं. "थाप मारतोस तेव्हा तुझा आवाज चढतो. माझी सुतळी का सोडलीस, ते सांग."

मग मी आवाज खाली आणला आणि सांगितलं. जेवढं होतं तेवढंच. आयुष्यात पहिल्यांदा माझी गोष्ट इतकी लहान झाली.

"साबण लावून चांगले धुतले होते रे मी."

"माहीत आहे, आजी."

"तरी गेला नाही तो?"

"रबरात जंतू राहून जातो. त्याला बारीक भोकंही पडतात, ती डोळ्यांना दिसत नाहीत. ते मोजे परत वापरायचे नसतातच. हे आम्ही तुम्हाला सांगायला हवं होतं."

ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मी उठलो नाही. बाहेर जेवणाची ताटं लागली, उचलली गेली. मग ती वळली. तो आवाज तिचा वाटतच नव्हता.

"मोजा धड दिसला की कुणीही ठेवून देणार. माझ्यासारखी दुसरी कुणीतरी असेलच. तो धड ठेवूच नका."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तिच्या खोलीत एक कात्री ठेवून दिली. जखम बांधून झाली की सिस्टर मोजे काढायची, तिच्यासमोर त्यांची बोटं कापायची आणि मग डब्यात टाकायची. आजी पलंगावर उठून बसायची. कात्री थांबेपर्यंत बघत राहायची.

"सिस्टर, अंगठा राहिला," ती म्हणायची. सिस्टर अंगठा कापायची.