सामन्याआधीचं भरीत

आता काय सांगू तुम्हाला, अख्ख्या आयुष्यात गोल मारताना मी डोकं कधी वापरलं नाही. मॅनेजर झाल्यावर एकदाच वापरलं आणि तोंडावर आपटलो.

वीस वर्षं जळगावात आमच्या क्लबकडून फुटबॉल खेळलो. गुडघ्यानं हात टेकले तेव्हा अध्यक्ष आबांनी मॅनेजर केलं. गळ्यात शिट्टी घालताना म्हणाले, "धुळेकरांना हरव. हरलास तर शिट्टी परत."

धुळ्याचे मॅनेजर नाना माझे जुने दोस्त, पण त्यांचा यंदाचा संघ सगळा नवा. मी शक्कल लढवली. सामन्याच्या दिवशी त्या संघाला शेतावर जेवायला बोलावलं. कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. एवढं खाऊन माणूस पळतो का? आडवा होतो. माझ्या पोरांना बजावलं, "तुम्ही फक्त वाढायचं."

अकरा वाजता टेम्पोतून नानांसोबत वीसेक दणकट गडी उतरले. त्यांचे दंड बघूनच मला घाम फुटला. पानं वाढली, तर नाना हात आखडून बसले.

"तुमना पोऱ्या बी बसाडा पंगतमा, नहीते आम्ही उठनूत."

आता पाहुणा उपाशी उठला तर खानदेशात तोंड दाखवायला जागा राहील का? पोरं बसली, शेजारी आबाही बसले. मग नानांनीच उठून आग्रह सुरू केला. आमच्या गोलकीपरच्या हातून बॉल हमखास सुटतो, त्या दिवशी भाकरी एकही सुटली नाही.

तीन वाजता मैदानावर गेलो. समोर अकरा अनोळखी पोरं वाऱ्यासारखी पळत होती आणि आमचे जेवणकरी कडेला ढोल बडवत होते.

"नाना, हे कोण?"

"ह्या खेळनारा शेतस. केळा खाईसन सकायपाईन आठेच शेतस."

"सकाळपासून इथेच? मग जेवले ते?"

"त्या ढोलवाला. भाऊ, तुन्हं बलावनं उनं तवयच माले समजनं. तू खेये तवय भरीत खाईसन कोठे झोपना व्हता, इसरी गया का?"

धुळ्यातच. गोलपोस्टमागे. सामना चालू असताना. विसरलो होतो खरा.

सात-शून्य. आमचा एक पोरगा बुटाची नाडी बांधायला खाली बसला, तो शेवटच्या शिट्टीलाच उठला.

संध्याकाळी आबांसमोर गळ्यातली शिट्टी काढून ठेवली. फार वाईट वाटलं. आबांनी ती खिशात टाकली, जरा विचार केला आणि म्हणाले, "भरीत मात्र झकास होतं. मी तीनदा घेतलं. मॅनेजर तूच राहा."

माझा जीव भांड्यात पडला.

"पंगतीचा," आबा म्हणाले आणि भरीत ठेचायचा लाकडी बत्ता माझ्या हातात दिला.