मोकळं टोक

तोंडात कायम चार-दोन टाचण्या धरलेल्या असायच्या, म्हणून तिला सगळे टाचणीमावशी म्हणत. ओठ मिटलेले असले की माणसाची पुष्कळ प्रश्नांतून सुटका होते, आणि ही सोय तिने आयुष्यभर पुरेपूर वापरली. तळ्याकाठच्या रस्त्यावर तिचं दुकान होतं. पुढे शिलाई मशीन, मागे स्वयंपाकघर, मधे पडदा. बोटींच्या गाद्यांची कव्हरं, ताडपत्र्या, लाइफ जॅकेटचे उसवलेले बंद अशी दणकट कामं तिच्याकडे यायची. सुटा धागा किंवा लोंबणारं टोक दिसलं की तिचे हात शिवशिवायचे. एकदा एका गिऱ्हाइकाच्या अंगातल्या शर्टाचा धागा तिने बोलता बोलता कापला आणि त्याचं बटण टपकन खाली पडलं, हा किस्सा तिचा धाकटा भाऊ अजून रंगवून सांगतो.

भाऊ तळ्यावर मोटरबोट चालवायचा. बोटीमागे लांब दोरी, दोरीला मूठ, आणि ती मूठ धरून नीबोर्डवर गुडघे टेकून बसलेला माणूस, असा तिथला खेळ. नीबोर्ड म्हणजे गुडघ्यांसाठी दोन खळगे असलेली जाड फळी. बसणाऱ्याच्या मांड्यांवरून एक रुंद पट्टा येतो आणि वेल्क्रोने घट्ट चिकटतो. मावशीची मुलगी नवशिक्यांना हा खेळ शिकवायची. लहान मुलं तर तिच्यामागे शेपटासारखी फिरायची.

मागच्या वर्षी तीच मुलगी एका वळणावर बोर्डासकट उलटली. बोर्ड वर, ती पाण्याखाली, आणि पट्टा काही केल्या सुटेना. मामाने बोट वळवली, उडी टाकली, चाकूने पट्टा कापला आणि भाचीला वर काढलं. कापलेला पट्टा तळाशी गेला. काठावर आणल्यावर मुलगी दात वाजवत एवढंच म्हणत राहिली, "मला टोक सापडलंच नाही, मामा. हातपाय गळाले माझे. घाबरले मी."

सगळ्यांनी समजूत घातली. घाबरतं माणूस, त्यात काय, असं जो तो म्हणाला, आणि नेमकं हेच म्हणायला नको होतं. कारण मुलीने ते मनाला लावून घेतलं. त्यानंतर ती पाण्यात उतरली नाही. धक्क्यावरच्या तिकिटाच्या खिडकीत जाऊन बसली ती बसलीच.

पण टोक सापडलं नाही हे शब्द ऐकल्यापासून मावशीच्या डोक्यातून तो पट्टा जात नव्हता. तो पट्टा तिनेच नवा शिवला होता. जुन्या पट्ट्याच्या टोकाला तळव्याएवढा भाग वेल्क्रोशिवाय मोकळाच सोडलेला होता, नुसता लोंबत होता. कुणीतरी काम अर्धवट टाकलंय असं समजून मावशीने नव्या पट्ट्याचं टोक आत दुमडलं, चारी बाजूंनी शिवलं आणि वेल्क्रो अगदी काठापर्यंत नेला. काय सुरेख दिसत होतं ते! बोर्डावर ती जन्मात कधी बसली नव्हती. ते मोकळं टोक पकडून ओढलं की पट्टा सुटतो, हे तिला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

तिने कुणाला सांगितलं नाही. तसाच दुसरा पट्टा शिवून टेबलावर चिकटवून पाहिला. नखाने काठ उचलला तर उघडला की! त्या उघडण्यावर तिने एक वर्ष काढलं. म्हणजे चूक माझ्या टाक्याची नव्हे, पोरच घाबरली, असं स्वतःला समजावत राहिली. आई असून लेकीच्या भीतीवर भार टाकून मोकळं व्हायचं, याची तिला लाज वाटायची. तरी तोंडातल्या टाचण्या काही निघाल्या नाहीत.

मग एके सकाळी ती शिवलेलं कव्हर द्यायला धक्क्यावर गेली. एक लहान मुलगी खिडकीशी लोंबकळून खनपटीला बसली होती. "मला तूच शिकव ना."

"मी नाही शिकवत," मावशीची मुलगी आतून म्हणाली. "ऐन वेळी माझा धीर सुटतो. धीर सुटणाऱ्या माणसाकडून शिकू नये."

जेवणात काय आहे हे सांगावं इतक्या सहज म्हणाली. रडत म्हणाली असती तर परवडलं असतं. आता खरं काय ते कळल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि ते टेबलावर कळणार नव्हतं. दुसऱ्या कुणाला त्या पट्ट्यात बांधून पाण्यात सोडायची तर कल्पनाही नको.

"मला बोर्डवर बसायला शिकव," तिने भावाला सांगितलं.

"ताई, गुडघ्यांची काय अवस्था आहे तुझ्या? जिना चढताना देवाला हाका मारतेस."

"गुडघे माझे आहेत. तू बोट बघ."

आणि ती शिकायला लागली. सकाळी गर्दी व्हायच्या आत पाणी सपाट असतं तेव्हा. आधी बोर्डवर पालथं पडायचं, कोपरं टेकायची, मूठ दोन्ही हातांत धरायची. बोटीने ओढ घेतली की एकेक गुडघा पोटाखाली सरकवत खळग्यात आणायचा, टाचांवर बसायचं, मग पट्टा ओढून घ्यायचा. सांगायला सोपं. पहिल्या दिवशी ओढ लागताच बोर्ड पुढे गेला आणि मावशी मागे राहिली. दुसऱ्या दिवशी बोर्डाचं नाक पाण्यात घुसलं आणि पाठोपाठ मावशीचंही. नाकातोंडात पाणी, डोळे लाल. भाऊ बोट फिरवून आणायचा, दोरी पुन्हा हातात द्यायचा आणि हसू दाबायचा.

मुलगी खिडकीतून बघत नसल्याचं दाखवायची. पण ज्याला एखादी गोष्ट नीट येते त्याला ती चुकीची झालेली बघवत नाही. हा गुण ती आईकडूनच घेऊन आली होती. शेवटी ती धक्क्याच्या कडेपर्यंत आली आणि ओरडली, "आई, मूठ छातीशी ओढू नकोस! खाली धर, कमरेजवळ! मागे रेल!"

मावशी मागे रेलली. बोर्डाचं नाक उचललं गेलं. गुडघे खळग्यात बसले आणि खालचं पाणी एकदम गुळगुळीत झालं, इस्त्री फिरवलेल्या कापडासारखं. वारा तोंडावर येत होता. ती हसली, मोठ्यांदा. आणि लगेच तिला रडू फुटलं, कारण आपल्या लेकीचं काय हरवलंय ते तिला आत्ता कळलं होतं.

त्यानंतरच्या सकाळी भाऊ टाकीत पेट्रोल भरत असताना मावशीने बोर्डाचा मोकळ्या टोकाचा पट्टा काढला आणि पिशवीतला, टोक दुमडून शिवलेला, आपला पट्टा लावला. गळ्यात दोऱ्याला बांधलेली धागे कापायची छोटी कात्री तिने जॅकेटच्या आत सोडली. भावाला सांगितलं असतं तर त्याने तिला दुकानापर्यंत हाताला धरून नेऊन सोडलं असतं.

ती बसली, पट्टा घट्ट ओढून चिकटवला, आणि धक्क्याजवळून जाताना मुद्दाम एका अंगावर झुकली.

पाणी गार होतं आणि कानांत गच्च भरलं. डोकं खाली, बोर्ड वर. जॅकेट तिला वर ढकलत होतं आणि पट्टा धरून ठेवत होता. तिने टोक शोधलं. बोटं पट्ट्यावरून फिरत राहिली, सगळीकडे सारखंच सपाट, तिनेच घातलेले बारीक, एकसारखे टाके. नख लागेना. ओल्या बोटांना काठ उचलता येईना. छाती फुटायला आली तेव्हा तिने कात्री ओढून काढली. ती ना नीट धरवत होती, ना चालत होती. पट्टा जाड होता. तिनेच दुहेरी कापड घातलं होतं.

तो तुटला तेव्हा कुणाचा तरी हात तिच्या जॅकेटमध्ये आधीच रुतला होता. वर आल्यावर खोकत तिने डोळे उघडले. भाऊ अजून बोट वळवतच होता. समोर मुलगी होती, अंगावरच्या कपड्यांनिशी, गळ्यापर्यंत पाण्यात.

"काय केलंस हे? काय केलंस, आई?"

"सुटत नाही गं." मावशीच्या मुठीत कापलेला पट्टा होता. "मलाही सुटला नाही. तू घाबरलीस म्हणून नाही. टोक नव्हतंच. मीच शिवून टाकलं होतं."

मुलीने पट्टा हातात घेतला. दुमडीवरून अंगठा फिरवला, एकदा, पुन्हा एकदा.

"तुला माहीत होतं?"

"खात्री नव्हती. शंका होती."

"वर्षभर?"

"वर्षभर."

मुलीने जॅकेटवरचा हात सोडला. ती वळली आणि धक्क्याकडे पोहत निघाली. जॅकेटच्या आधाराने मावशी तिथेच तरंगत राहिली. हात लांब टाकत, पाणी न उडवता, संतापाने पोहत होती पोर. बोट जवळ आली, भाऊ हात पुढे करून काहीबाही बोलत होता, पण मावशीचं लक्ष नव्हतं. लेक तिला सोडून चालली होती आणि तिला त्या पोहण्यावरून नजर काढवत नव्हती.

घरात अबोला सुरू झाला. ताट वाढलेलं असायचं, जेवलेलं असायचं, शब्द नसायचा. मावशीने तो निमूटपणे सोसला. माफी मागायला तोंड उघडलं की मुलगी पडद्याआड जायची. तिकिटाच्या खिडकीत आता दुसरंच कुणीतरी बसतंय, हे मावशीला गिऱ्हाइकांकडून कळलं.

मग एका दुपारी मुलगी दुकानात आली. केस ओले, गुडघ्यांवर बोर्डाचे लाल वळ. तिने एक जुना पट्टा मशीनवर ठेवला आणि त्याच्या मोकळ्या टोकावर बोट टेकवलं.

"नवा शिवशील त्याला इथली पकड मोठी ठेव," ती म्हणाली. "लहान हातांना सापडली पाहिजे."

मावशीने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या.

"ठेवते," ती म्हणाली.

मुलगी गेली नाही. स्टूल ओढून ती शेजारी बसली आणि टोक मोकळं सोडून पट्टा शिवून होईपर्यंत आईच्या हातांकडे बघत राहिली.