वाकण्याची कला

श्रीनटेश्वरास वंदन. आमच्या गावी यंदा पुन्हा नाटकाचा पडदा उघडणार आहे. त्या निमित्ताने एका अनाम नटाचे स्मरण करतो.

नव्वदच्या दशकात इंदापूरजवळच्या एका गावी मी नाट्यस्पर्धेचा परीक्षक होतो. राजाच्या भूमिकेत गावचे पुढारी होते. पडद्याचा खर्च त्यांचा, म्हणून सिंहासनही त्यांचेच. संवाद पाठ करण्याचे क्षुद्र काम मात्र त्यांनी केले नव्हते. महाराज अडखळले की भालदार झालेला एक कृश मनुष्य पुढे येऊन लवून मुजरा करी आणि वाकता वाकता पुढचे वाक्य कुजबुजे. प्रेक्षकांना महाराजांचे मौन मोठे राजेशाही वाटले.

उत्कृष्ट अभिनयाचे पदक अर्थातच महाराजांना, माझ्याच स्वाक्षरीने मिळाले. माझे भोजन त्यांच्याकडेच होते.

निघताना मी भालदाराला हळूच म्हणालो, "पदक खरे तुमचे होते."

कंबर चोळीत तो हसला. "गुरुजी, मी वाकलो म्हून त्यो राजा दिसला. पन तुमी कशापायी वाकला?"

वाचकहो, आपल्या घरी सुख नांदो. आणि वाकणे अटळच झाले, तर ते त्या भालदारासारखे घडो, माझ्यासारखे नको.