गाडीतला पाट

नव्वदच्या दशकात आम्ही डोंबिवलीत जुनी गाडी घेतली, तेव्हा मुलगा चार वर्षांचा होता, पण अंगाने सात वर्षांचा दिसायचा. मेहुणीने परदेशातून आणलेल्या, गाडीत लावायच्या बाळखुर्चीत तो असा अडकला, की साबण लावून काढावा लागला. नुसता सीटवर बसवला, तर पट्टा थेट गळ्यावर यायचा.

मग मी डोकं चालवलं. माझ्या वडिलांचा जेवणाचा पाट माळ्यावर होता. ते गेल्यापासून त्यावर कुणी बसलं नव्हतं. मी त्यावर फोम ठोकला आणि तो गाडीच्या मागच्या सीटवर मुलाखाली ठेवला.

"अहो, तोच पाट कशाला?" बायको म्हणाली.

"अगं, अस्सल सागवान आहे."

पहिल्याच दिवशी ठाण्याला निघालो आणि शीळफाट्याला ट्रकांच्या रांगेत अडकलो. एरवी धिंगाणा घालणारा मुलगा गप्प होता. आरशात पाहिलं, तर तो मांडी घालून, हातावर पाणी घेऊन बिस्किटांच्या डब्याभोवती फिरवत होता. माझे वडील ताटाभोवती तसंच फिरवायचे. मला ते कधी जमलं नाही आणि मुलाने तर त्यांना पाहिलेलंही नव्हतं.

"अरे, हे कुणी शिकवलं तुला?"

तो मान वर न करता म्हणाला, "जेवताना बोलू नये."

वडिलांनंतर आमच्या घरात हे वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं. मी गाडीतला रेडिओ बंद केला.

घरी आल्यावर सगळं ऐकून बायको म्हणाली, "काढा तो पाट." पण पट्टा खांद्यावर अगदी बरोबर बसत होता. पाट राहिला. गाडीत खाणं मात्र आम्ही बंद केलं.