फोटोत पान आलं, नवरंग नाही

कुंडमच्या जंगलात नवरंग पक्षी परत आला आहे. तिथे शाळेत शिकवणाऱ्या सविता दीदींनी सकाळी फोनवर पक्कं सांगितलं आणि मी ताईची मोठी लेन्स घेऊन निघालो.

ताई नागपूरला गेली तेव्हा लेन्स माझ्याकडे ठेवून गेली. उन्हाळा सरत आला की दरवर्षी विचारते, "दिसला का रे?"

आज दिसला, बांबूच्या बेटात पालापाचोळा उकरताना. घाईघाईत फोटो काढले आणि तिथूनच तिला पाठवले.

लगेच फोन आला. "पान मस्त आलंय! पक्षी कुठंय? काहून सगळे फोकस पॉइंट चालू ठेवले? कॅमेरा समोरचंच पकडतो ना. एकच पॉइंट ठेव, सरळ डोळ्यावर."

"चलो, उद्या पुन्हा येतो."

तेवढ्यात झाडीतून शीळ आली. ताईनं ती फोनवरच ओळखली.

"तोच बोलून राहिला ना?"

मी फोन झाडीकडे धरला. शीळ थांबल्यावर ती हळूच म्हणाली, "फोटो राहू दे. लेन्स पुसून ठेव, मीच येते."

सविता दीदी म्हणतात, नवरंग पावसाळाभर राहील. तुमच्याकडे तो खरंच इतका थांबतो का? ताई रविवारी येते आहे.