गॅरेजमधला दोर

माझ्यावर सर्वांत जास्त ऋण आहे ते लिमयेकाकांचं. गेल्या महिन्यात ते गेल्याचा फोन ऑफिसात आला, आणि आधी आठवला तो त्यांच्या गॅरेजच्या छताला टांगलेला दोर.

काका इंग्लंडातल्या एका छोट्या गावाचे डॉक्टर होते. एक पब, बदकांचं तळं, आणि चर्चच्या मनोऱ्यात सहा जुन्या घंटा. गावातलेच सहाजण दोर ओढून त्या वाजवत. त्यांतले एक काका. "लिमये, आणि चर्चमध्ये?" मी एकदा विचारलं. "घंटा ती घंटा. पण ताल चुकला की अख्खं गाव ऐकतं रे, आणि सोमवारी दवाखान्यात येऊन टोमणे मारतं." काकू गेल्यावर मुलानं त्यांना कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला आणलं. गाडी चालवायची नाही, पायी जाण्यासारखं काही नाही; दिवसभर टाउनहाउसमध्ये बंद. मी शेजारी राहायचो. पुसदच्या शाळेत शिकलेला, घरातला पहिला पदवीधर. २००१मध्ये नोकरी गेली, आणि दुसरी मिळाली नाही तर भारतात परत जावं लागणार होतं. इंटरव्ह्यूत माझी वाचाच बसायची. काकांनी गॅरेजमध्ये उभं करून दोर हातात दिला आणि इंटरव्ह्यूचे प्रश्न विचारू लागले. घंटेच्या जागी, छताच्या कप्पीवरून पलीकडे, वाळूची पिशवी. "ओढ, उत्तर दे, आणि दोर वर जाताना हात सैल सोड. दोर घट्ट धरलास तर घंटाच तुला छतापर्यंत नेईल." मला नोकरी मिळाली.

वाजवणाऱ्यांपैकी कुणी गेलं की त्या गावात घंटांच्या लोलकांना एका बाजूनं चामडं बांधतात. एक टोला स्वच्छ, पुढचा दबका, लांबून आल्यासारखा... "एकदा तिथं ने मला," काका यंदा म्हणाले. "मुलाला सुट्टी नाही." माझं ग्रीन कार्ड इतक्या वर्षांनीही अडकलेलं, वकील म्हणाला होता, आत्ता देश सोडू नका. "काका, कार्ड येऊ दे." ते हसले. "म्हणजे तूही माझ्यासारखा आतच."

ते गेल्यावर त्या गावातल्यांनी त्यांच्यासाठी घंटा वाजवल्या, आणि आम्हाला ऐकू यावं म्हणून मनोऱ्यात फोन चालू ठेवला. त्यांचा मुलगा आणि मी गॅरेजमध्ये उभं राहून ऐकलं. नंतर मी काकांच्याच नावानं, त्या चर्चच्या पत्त्यावर पत्र टाकलं:

"काका, पाचच घंटा वाजल्या. तुमची जागा त्यांनी रिकामी ठेवली होती. दर वेळी तुमची पाळी आली की मी इथला दोर ओढला. आवाज झाला नाही, पिशवी वर गेली. कार्ड अजून आलेलं नाही. पत्राला कुणी व्हिसा विचारत नाही, म्हणून ते पुढे पाठवतोय. मी हात सैल सोडला होता, काका. तुमचा, सुनील."