कापलेल्या कडा

जगात आहे ते सगळं जरा जास्तच आहे, चारही बाजूंनी थोडं कापलं की ते सुंदर होतं, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला. तो म्हणजे आमचे फुवा, माझ्या वडिलांच्या बहिणीचे, म्हणजे फुईचे, यजमान. शहाद्यात त्यांचा लहानसा फोटो स्टुडिओ आहे. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी झालो तो त्यांच्या घरी राहून, फुईच्या हातचं खाऊन. त्यामुळे त्यांना कोणी विक्षिप्त म्हटलं तर मला राग येतो, आणि ते खोटं आहे असंही म्हणता येत नाही.

दिवसभर फुवा पासपोर्टचे फोटो काढत. ऊन कलायला लागलं की गिऱ्हाईक खुर्चीवर बसलेलं असलं तरी त्यांना शटर ओढायची घाई. मग मोटारसायकलवर मागे फुईला बसवायचं आणि प्रकाशा गावच्या घाटावर तापीकाठी जायचं. मावळत्या सूर्यासमोरून जाणाऱ्या बगळ्यांचे, पाणकावळ्यांचे काळे आकार टिपणं, हे त्यांचं खरं काम. घरी आल्यावर संगणकापुढे कापाकापी. मंदिराचा कळस गेला, नावाडी गेला, विजेची तार गेली. उरलं एक पाखरू आणि त्याच्या चोचीपुढचं मोकळं आभाळ. "पाखरूले उडाले जागा लागस," ते म्हणत. मागची जागा पाखरानं वापरून टाकलेली असते, ती ठेवायची नाही. आणि कापून झालं की मूळ फोटो तिथल्या तिथे पुसून टाकत. दोन्ही ठेवले तर मन चळतं, असं त्यांचं म्हणणं.

हे शास्त्र त्यांनी सगळीकडे लावलं. ताटात भाकरी बरोबर मध्यावर आली तर ती कडेला सरकवल्याशिवाय घास घेत नसत. बडबड्या पाहुण्याकडे बोटांच्या चौकटीतून बघत आणि हळूच सांगत की हा गळ्यापासून खाली बरा आहे. एका वरातीत त्यांनी नवरदेवाला घोड्यासकट मावळत्या सूर्यापुढे उभं केलं. फोटोत नवरदेव, घोडा आणि लगाम धरणारा, सगळे सारखेच काळे. वधूचे मामा अल्बम घेऊन तावातावाने आले, आमचा जावई कोणता ते दाखवा म्हणाले. फुवांनी शांतपणे बोट ठेवलं. "फेटा शे तो."

फुई घाटाच्या पायरीवर थर्मास घेऊन बसायची, नेमकी चौकटीत. "सरक थोडी, सूर्यमा तुन्हं डोकं यी ऱ्हायनं," असं फुवा म्हणाले की ती जागची न हलता म्हणायची, "मंग सूर्यलेच सांगा सरकाले." फुवा हसत आणि बटण दाबत. नंतर कापता येणारच होती ती. दुसऱ्या कोणी मोबाइल धरला की मात्र ती तोंडावर पदर ओढायची. घरात फोटोवाला असताना परक्याच्या फोनला तोंड कशाला दाखवू, हा तिचा मान होता.

मागच्या हिवाळ्यात फुई अचानक गेली. दिवसकार्याला हार घालायला फोटो लागतो. तालुक्यातल्या कितीतरी घरांत असे फोटो फुवांनीच करून दिलेत. लोक लग्नातल्या घोळक्याचा फोटो आणत, फुवा त्यातून गेलेला माणूस अलगद कापून काढत, मोठा करत. आता ते स्वतःसाठी संगणकापुढे बसले. मी शेजारी होतो. पाखरामागून पाखरू सरकत गेलं. एकात खालच्या कोपऱ्यात थर्मासचं झाकण दिसलं, एकात पदराचं टोक. मूळ फोटो असते तरी उन्हाविरुद्ध तिचा चेहरा काळाच आला असता, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. पण ती त्यात असती. लग्नाच्या फोटोत तिचा पदर हनुवटीपर्यंत होता. शेवटी आधार कार्डावरचा दचकलेला चेहरा मोठा करून त्याला हार घातला. आलेल्या बायका एकमेकींना विचारत होत्या, ही तीच का. फुवा भिंतीकडे तोंड करून बसले होते.

अजूनही ते प्रकाशाला जातात. परवा मीही गेलो. आता ते काहीच कापत नाहीत. नुकताच काढलेला फोटो त्यांनी दाखवला. त्यात कळस होता, तार होती, धुणं धुणाऱ्या बाया, नारळवाला, पाण्यात पाय सोडून बसलेलं एक अनोळखी म्हातारं जोडपं. पाखरू कुठेतरी वर, ठिपक्याएवढं. मी म्हणालो, फुवा, कडा कापल्या तर बगळा छान दिसेल.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "कोनले कव्हय कोन लागी, काय सांगता येस."

आणि फोटो पाठवायला त्या जोडप्याचा नंबर विचारण्यासाठी ते पायऱ्या उतरून गेले.